‘ब्रू’ म्हणजे उकळणं नव्हे, गाळणंही नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका इंग्रजी मालिकेची मराठी सबटायटल्स करताना ‘ब्रू’ हा शब्द तीन वेळा आडवा आला. एकदा किटलीपाशी: ‘लेट इट ब्रू फॉर फाइव्ह मिनिट्स.’ एकदा ऑफिसातल्या कुजबुजीत: ‘समथिंग इज ब्रूइंग अपस्टेअर्स.’ आणि एकदा मँचेस्टरची एक बाई दारात आलेल्या पाहुण्याला विचारते, ‘फॅन्सी अ ब्रू?’ शब्दकोशात ‘बीअर इत्यादी गाळणे, कट रचणे’ एवढंच सापडलं. म्हणून तिसऱ्या ठिकाणी ‘बीअर घेणार का?’ असं लिहिलं आणि पुढच्याच दृश्यात बाई चहाचे कप घेऊन आल्या. तर या शब्दाला एक पक्का मराठी प्रतिशब्द कोणता?

आधी धीर देतो. मी सत्तावीस वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करतोय आणि या शब्दावर तुमच्यापेक्षा जोरात आपटलोय. तो किस्सा पुढे येईल. पण तुमची खरी अडचण प्रतिशब्द न मिळण्याची नाहीच. इंग्रजीने एका शब्दाच्या पोटात जे कोंबलंय ते मराठीने चार-पाच शब्दांत आधीच वाटून ठेवलंय, आणि त्यातला कुठला उचलायचा हे शब्दकोश सांगत नाही. ते भांड्यात डोकावूनच ठरवावं लागतं.

शब्दाच्या मुळापासून सुरू करू, कारण इथे मूळ खरोखर कामाला येतं. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘ब्रेओवान’ असं होतं. जर्मन ‘ब्राउएन’ आणि डच ‘ब्राउवेन’ ही त्याची भावंडं, आणि रश्शाला म्हणतात तो ‘ब्रॉथ’ त्याच कुळातला. या सगळ्यांच्या मुळाशी अर्थ आहे तो बुडबुडे येण्याचा, खळखळण्याचा. गंमत म्हणजे ‘फर्मेंट’ हा शब्दही लॅटिनमधल्या उकळण्याच्या क्रियापदावरून आलाय. जुन्या लोकांनी पाहिलं काय? धान्याचं पाणी भांड्यात ठेवलं की खाली जाळ नसतानाही ते उकळल्यासारखं फसफसतं. हे काम सूक्ष्मजीव करतात हे लुई पाश्चरने 1857 नंतरच्या प्रयोगांतून दाखवलं. त्याआधी हजारो वर्षं माणसं फक्त बुडबुडे बघत होती, आणि भाषेने जाळावरचे बुडबुडे आणि जाळाशिवायचे बुडबुडे एकाच पारड्यात टाकले. तुमचा गोंधळ तिथला आहे.

आता बीअर. शब्दकोशकारांनी ‘गाळणे’ का लिहिलं ते समजण्यासारखं आहे, पण ते चूक आहे. मराठीत ‘दारू गाळणे’ म्हणजे भट्टी लावून वाफ धरणं, तिचं पुन्हा पाणी करणं, म्हणजेच ऊर्ध्वपातन. इंग्रजीत त्याला ‘डिस्टिल’ म्हणतात. बीअरमध्ये वाफ धरायचा प्रकारच नसतो. सातूला मोड आणून, वाळवून, भरडून ते साधारण 65 अंश सेल्सियसच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवतात. मोडांत तयार झालेली विकरं पिठाची साखर करतात. मग चोथा वेगळा काढून ते गोड पाणी, ज्याला ‘वर्ट’ म्हणतात, हॉप्सची फुलं घालून तास-दीड तास उकळतात, थंड करतात आणि तेव्हा कुठे यीस्ट टाकतात. उकळत्या पाण्यात यीस्ट टाकलं तर ते मरेल. त्यानंतर एल जातीच्या बीअरला ऊबदार जागा लागते, लागरला 10 अंशांच्या आसपासचा गारवा आणि कित्येक आठवड्यांचा धीर.

म्हणजे सगळ्या प्रवासात उकळणं किती, तर तास-दीड तास. म्हणून ‘बीअर उकळणे’ असंही लिहू नका. ‘बीअर आंबवणे’ त्यातल्या त्यात जवळचं आहे, पण त्यातही एक मेख आहे. या धंद्यातले लोक म्हणतात की ब्रुअर फक्त वर्ट करतो, बीअर यीस्ट करतं. घरी हौसेने बीअर करणाऱ्यांचा ‘ब्रू डे’ यीस्ट टाकल्यावर संपतो आणि आंबणं त्यानंतर सुरू होतं! त्यामुळे तांत्रिक मजकूर असेल, एका वाक्यात ‘ब्रूइंग’ आणि दुसऱ्यात ‘फर्मेंटेशन’ असेल, तर दोन्हीला ‘आंबवणे’ लावून चालणार नाही. तिथे मी ‘फर्मेंटेशन’ला ‘किण्वन’ देतो, जे शाळेच्या विज्ञानातून सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ‘ब्रूइंग’ला सरळ ‘बीअर तयार करणे’. साधं आहे, पण खोटं नाही. ‘ब्रुअरी’ मात्र ‘ब्रुअरी’च ठेवतो. ‘मद्यनिर्मितीशाला’ म्हटलं की वाचक डोळे मिटतो.

‘होमब्रू’ दिसलं की काही जण हौसेने ‘हातभट्टी’ लिहितात. तसं करू नका. हातभट्टीची दारू ऊर्ध्वपातनाची आणि त्या शब्दाला बेकायदेशीर असल्याचा वास आहे. ज्या देशांत घरी बीअर करणं हा पूर्णपणे कायदेशीर छंद आहे तिथल्या निवृत्त मास्तरांना तुम्ही एका शब्दात गुन्हेगार करून टाकाल.

कोणत्या पेयाला इंग्रजी माणूस ‘ब्रू’ म्हणतो आणि कोणत्याला नाही, हेही पाहण्यासारखं आहे. बीअर ब्रू होते. जपानी साके ब्रू होते, तिला ‘राइस वाइन’ म्हणतात तरीही. पण द्राक्षाची वाइन ब्रू होत नाही, ती नुसती ‘मेक’ करतात. का? द्राक्षात साखर आयतीच असते. धान्यात असतं पीठ, त्याची आधी साखर करावी लागते. बीअरमध्ये ते काम मोड करतात, साकेत कोजी नावाची बुरशी. या आधीच्या खटाटोपाला ‘ब्रू’ शब्द चिकटलेला आहे. आणि व्हिस्की? तिचा पहिला टप्पा बीअरसारखाच असतो, पण ती शेवटी भट्टीतून जाते म्हणून ‘डिस्टिल’. हे एकदा डोक्यात बसलं की पेयांच्या बाबतीत सहसा चूक होत नाही.

बाटल्यांवरची लेबलं करत असाल तर अजून दोन गोष्टी. ‘नॅचरली ब्रूड’ सोया सॉस किंवा ‘ब्रूड व्हिनेगर’ इथे चहाशी किंवा बीअरशी संबंध नाही. रसायनं मिसळून झटपट केलेलं नाही, सूक्ष्मजीवांकडून आंबवून घेतलेलं आहे, एवढंच सांगायचं असतं. तिथे ‘नैसर्गिकरीत्या आंबवलेले’ चपखल बसतं. आणि ‘ब्रुअर्स यीस्ट’च्या गोळ्यांवर ‘दारूचे यीस्ट’ लिहू नका. एकदा एका अनुवादकाने तसं लिहिलेलं मी छपाईच्या आदल्या दिवशी पकडलं. त्या गोळ्यांतलं यीस्ट मेलेलं असतं, नशेचा प्रश्नच येत नाही, पण लेबल वाचून अर्धी गिऱ्हाइकं डबी परत ठेवतील.

आता चहा-कॉफी, म्हणजे तुमचं पहिलं वाक्य. इथे ‘उकळणे’ ही सर्वांत मोहात पाडणारी चूक आहे, कारण उकळलेलं पाणी समोरच असतं. पण इंग्रजी माणसाच्या डोक्यात क्रम असा आहे: पाणी उकळलं, ते पत्तीवर ओतलं, झाकण ठेवलं. उकळणं संपलं. ‘ब्रू’ आता सुरू झालं. ते त्या झाकणाखालच्या पाच मिनिटांचं नाव आहे, पत्तीचा रंग, वास, कडवटपणा पाण्यात उतरण्याचं. ती मिनिटं किती, याचंसुद्धा आंतरराष्ट्रीय मानक आहे. 1980 सालच्या आयएसओ 3103 मध्ये 100 मिलिलीटर पाण्याला 2 ग्रॅम चहा आणि 6 मिनिटं असं दिलंय. उद्देश उत्तम चहा करण्याचा नाही. चव पाहणाऱ्यांना वेगवेगळे नमुने एकाच पद्धतीने केलेले मिळावेत, इतकाच. त्याच्याच सहा पानी ब्रिटिश भावंडाला 1999 मध्ये साहित्याचं इग नोबेल, म्हणजे नोबेलच्या धर्तीवरचं गमतीचं पारितोषिक, मिळालं, हे जाता जाता.

मराठीत या झाकणाखालच्या वेळेला फार सुंदर शब्द आहे: मुरणं. ‘झाकून ठेवा, पाच मिनिटं मुरू द्या.’ त्यात वेळ आहे, आतल्या आत होणारा बदल आहे, आणि आपण हात न लावणं आहे. ‘अर्क उतरू द्या’ हेही चालेल, जरा पुस्तकी वाटेल. ‘भिजू द्या’ मी टाळतो. भिजण्यात पाणी पत्तीत जातं, आणि इथे महत्त्वाचं आहे ते पत्तीतलं पाण्यात येणं.

तरी एक अट आहे. मूळ प्रसंगात पत्ती खरोखरच पाण्याबरोबर आचेवर असेल, तर ‘उकळणे’च बरोबर. आणि प्रक्रियेशी काही देणंघेणं नसेल, ‘शी ब्रूड सम टी’ एवढंच असेल, तर ‘तिने चहा केला’. एवढ्यावर थांबा. तिथे ‘मुरवला’ म्हटलंत तर वाचक विचार करत बसेल की या चहात असं काय विशेष आहे.

खरं तर वैद्यकाच्या जुन्या संस्कृत ग्रंथांनी हा पसारा इंग्रजीपेक्षा कितीतरी नेटका लावून ठेवलाय. शार्ङ्गधरसंहितेत बघा. औषध सोळापट पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवलं तर तो क्वाथ. चौपट गरम पाणी वरून ओतून, थोडा वेळ ठेवून गाळलं तर तो फांट. सहापट थंड पाण्यात रात्रभर ठेवलं तर तो हिम. आंबवलं तर आसव किंवा अरिष्ट. इंग्रजी माणूस या सगळ्यांना बेधडक ‘अ हर्बल ब्रू’ म्हणेल. किटलीतला चहा हा व्याख्येने फांट आहे, आणि 12 ते 24 तास थंड पाण्यात ठेवून केलेली ‘कोल्ड ब्रू’ कॉफी म्हणजे सरळसरळ कॉफीचा हिम! अर्थात सबटायटलमध्ये हे लिहू नका, लोक हसतील. ‘कोल्ड ब्रू’ला ‘कोल्ड ब्रू’च म्हणा. पण मनात हे चार कप्पे ठेवलेत तर समोरच्या वाक्यात नेमकं काय चाललंय ते लगेच कळतं. यातल्या ‘क्वाथ’चाच प्राकृतातून येताना ‘कढ’ झाला, त्यातून आपलं कढणं आलं, काढा आला. म्हणून झाडपाल्याच्या ‘ब्रू’ला ‘काढा’ म्हणायचं ते उकळून आटवलेलं असेल तरच.

आता दुसरं वाक्य. इथे भाषांतरकाराची खरी परीक्षा आहे.

‘ब्रूइंग’ लाक्षणिक अर्थाने येतं तेव्हा वाक्यात बहुतेक वेळा कर्ता माणूस नसतो. ‘ट्रबल इज ब्रूइंग’, ‘अ स्टॉर्म इज ब्रूइंग’. कोण करतंय? कुणीच नाही. आपोआप होतंय, अजून बाहेर आलेलं नाही, पण येणार. मराठीत ‘शिजणं’ पटकन सुचतं आणि अनेकदा बरोबरही असतं. पण ‘शिजतंय’ म्हटलं की मराठी कानाला कुणीतरी शिजवणारा ऐकू येतो. कट शिजतो, बेत शिजतो. चुलीपाशी कुणीतरी बसलेलं असतं. म्हणून कारस्थानाचा संशय असेल तर ‘शिजतंय’. लोकांमधला राग असेल तर ‘खदखदतंय’, आणि इथे मराठीने इंग्रजीच्या मुळाशी अगदी तंतोतंत गाठ घातलीय. असंतोष खदखदतो, तेच बुडबुडे, तीच बिनजाळाची उकळी. पक्षातली किंवा कुटुंबातली बारीकसारीक नाराजी असेल तर ‘धुसफूस’. खरंच आभाळातलं वादळ असेल तर ‘दाटून येतंय’. डोक्यातली कल्पना असेल तर ती ‘घोळतेय’. आणि दोन तरुण पात्रांबद्दल कुणी डोळे मिचकावत ‘समथिंग्ज ब्रूइंग देअर’ म्हणालं, तर ‘सूत जुळतंय वाटतं’.

‘पाणी मुरतंय’ हा वाक्प्रचार मात्र इथे वापरू नका. दिसतो जुळा, पण नाही. ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ म्हणजे आधीच काहीतरी गैर झालंय, लपवलं जातंय. त्याचं तोंड मागे आहे, ‘ब्रूइंग’चं पुढे. याच बाबतीत मी दोन चांगल्या संपादकांशी भांडलोय आणि अजून माझ्या मतावर आहे.

नाम म्हणून ‘अ हेडी ब्रू ऑफ मनी अँड पॉवर’ अशी रचना आली तर ‘रसायन’ आठवा. ‘पैसा आणि सत्ता यांचं झिंग आणणारं रसायन’ हे मराठीच वाटतं, भाषांतर वाटत नाही.

आता माझा किस्सा. दुसऱ्या महायुद्धातल्या उत्तर आफ्रिकेच्या आघाडीवरच्या आठवणी मी भाषांतरित करत होतो. ब्रिटिश सैनिक तिथे पत्र्याच्या डब्यात वाळू भरून, त्यावर पेट्रोल ओतून, ते पेटवून चहा करायचे. त्याला ते ‘ब्रू अप’ म्हणत, आणि पुस्तकात हे पानोपानी होतं. माझा हात बसला होता. मग एका लढाईच्या वर्णनात वाक्य आलं की डावीकडच्या दोन रणगाड्यांनी ‘ब्रूड अप’ केलं. मी बिनधास्त लिहिलं: ‘डावीकडच्या दोन रणगाड्यांवर चहा झाला.’ हस्तलिखित वाचणारे एक निवृत्त लष्करी अधिकारी होते. त्यांनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: ‘आतली माणसं जळून मेली.’ रणगाडा गोळा लागून पेटला की त्यालाही ते सैनिक ‘ब्रू अप’ म्हणत. मृत्यूला रोज शिवणाऱ्यांचा काळा विनोद. ती समासातली ओळ मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून ‘ब्रू’ दिसला की आधीची पाच आणि पुढची पाच वाक्यं वाचल्याशिवाय पेन उचलत नाही.

तुम्ही सबटायटल्स करता, म्हणजे पुष्कळदा कानाने. मग हेही सांभाळा: ‘ब्रू’चं भूतकाळी रूप आणि मनातल्या मनात कुढण्याचा ‘ब्रूड’ यांचा उच्चार एकच. ‘ब्रूज’ म्हणजे पेयं आणि ‘ब्रूज’ म्हणजे मुका मार, हेही ऐकायला सारखंच. पटकथा मिळत असेल तर मागून घ्या.

तुमच्या प्रश्नात नव्हतं, पण पात्रांमध्ये कुणी संगणकवाला असेल तर ‘ब्रू’ तिथेही भेटेल. मॅकवर सॉफ्टवेअर बसवायचं ‘होमब्रू’ नावाचं साधन 2009 मध्ये आलं आणि त्याने बीअरची अख्खी भाषाच उचलली: कृती म्हणजे ‘फॉर्म्युला’, तयार बांधणी म्हणजे ‘बॉटल’, साठवायची जागा ‘सेलर’, बाहेरचा स्रोत ‘टॅप’. इथे काहीही भाषांतरित करायचं नाही, ते आज्ञांचे शब्द आहेत. त्याआधीपासून ‘होमब्रू’ म्हणजे ‘घरी, हौसेने, स्वतः जुळवलेलं’ हा अर्थ रूढ आहे. हौशी रेडिओवाले घरी बनवलेल्या संचाला तसं म्हणत. 1975 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’चं नाव त्याच अर्थाचं. स्टीव्ह वॉझ्नियॅकने आपला पहिला अ‍ॅपल संगणक तिथल्याच मंडळींना दाखवला होता. अशा ठिकाणी ‘घरगुती बनावटीचा’ पुरतं.

राहिल्या मँचेस्टरच्या बाई. उत्तर इंग्लंडमध्ये ‘अ ब्रू’ म्हणजे सहसा चहाचा कप. अमेरिकन पात्राने बारमध्ये तेच म्हटलं असतं तर ती बीअर झाली असती. म्हणजे तुमची चूक शब्दाच्या अर्थात नव्हती, बोलणारी कुठली आहे हे पाहण्यात होती. पात्र कुठलं, जागा कुठली, दिवसाची वेळ कुठली, एवढं पाहिलंत की नव्वद टक्के प्रसंग सुटतात. उरलेल्या दहा टक्क्यांत पुढचं दृश्य पाहून मग मागे यायचं, यात कमीपणा काही नाही.

तर तुमची तीन वाक्यं मी अशी केली असती. पहिलं: ‘पाच मिनिटं मुरू दे.’ दुसरं, वर साहेब लोक बसतात आणि बोलणाऱ्यांना कारस्थानाचा संशय आहे असं गृहीत धरून: ‘वर काहीतरी शिजतंय.’ संशय नसून नुसती अस्वस्थता असेल तर ‘वरचं वातावरण काही ठीक दिसत नाही’, मग शिजणं-बिजणं नको. आणि तिसरं: ‘चहा टाकू?’